आतली शिवण बघणाऱ्या खैरुन आपा

खैरुन आपांना सोबत घेऊन साडी खरेदीला जाऊ नये, असं तांबोळींच्या घरातल्या बायका नव्या सुनांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात. दुकानदार बिचारा पदर उलगडतो, काठ दाखवतो, जरीचं काम उजेडात धरतो, आणि आपा शांतपणे साडी पालथी करून मागचे सुटे धागे बघत बसतात. एकदा मेन रोडवरच्या एका दुकानदारानं वैतागून विचारलं होतं, "भाभी, नेसणार कोणत्या बाजूनं?" आपा म्हणाल्या, "नेसणार वरच्या बाजूनं. टिकणार मागच्या बाजूनं."

भाचीसाठी स्थळ बघायला गेल्या तेव्हा सगळी मंडळी बैठकीत शीरखुर्म्याची तारीफ करत होती. ह्या हात धुवायच्या निमित्तानं उठल्या आणि घराची मागची मोरी बघून आल्या. "मुलगा चांगला आहे," त्यांनी परत येऊन बहिणीच्या कानात सांगितलं. "मोरी स्वच्छ आहे." लग्न झालं. बारा वर्षं झाली, भाची सुखात आहे. मोरीचं श्रेय मात्र आपा अजून सोडत नाहीत.

ही खोड माहेरची. त्यांचे अब्बा देवळाली कॅम्पच्या बाजारात शिंपीकाम करायचे. तोफखान्यातल्या जवानांचे गणवेश त्यांच्याकडे शिवायला, आवळायला, सैल करायला येत. सुभेदार मंडळी आरशासमोर छाती फुगवून उभी राहत, बटणं बघत आणि खूश होऊन जात. पण अब्बा कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो उलटा करत, खिडकीत धरत आणि आतली शिवण बोटानं चाचपत. आत धागा लोंबताना दिसला की सगळं उसवून पुन्हा. सात वर्षांच्या खैरुननं एकदा विचारलं होतं, आत कोण बघतंय? अब्बा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "बाहेरची बाजू साहेब बघतो, आतली अल्लाह बघतो. आणि साहेबाची बदली होते."

ते वाक्य खैरुन आपांच्या डोक्यात असं पक्कं बसलं, की पुढे पन्नास वर्षांनी त्यापायी एका अख्ख्या शाळेची पंचाईत झाली.

शाळा वडाळा रस्त्याच्या आतल्या अंगाला, लाकडाच्या वखारीला लागून आहे. पाटीवर लांबलचक अरबी नाव आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो नुसता बघत राहतो. 'वखारीची शाळा' म्हटलं की बरोबर दारात नेऊन सोडतो. माध्यम इंग्रजी. गणित, विज्ञान, भूगोल सगळ्या शाळांसारखं. शिवाय कुराणपठण, थोडी अरबी, आणि आठवड्यातून तीन तास अखलाक. अखलाक म्हणजे वागणं. माणसानं माणसाशी, आणि कोणी बघत नसताना स्वतःशी कसं वागावं, ते.

हा तास पूर्वी अगदी पोरका होता. ज्या शिक्षकाचा हात रिकामा असेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. खरं बोलावं, मोठ्यांचा अदब ठेवावा, शेजाऱ्याला त्रास देऊ नये, अशा दहा ओळी मुलं पाठ करायची आणि दहापैकी दहा गुण घेऊन शेजारच्या बाकावरच्याच्या पोटात कोपर मारायची. पंधरा वर्षांपूर्वी हिंदीचे तास कमी झाले म्हणून मुख्याध्यापिका फरहत मॅडमनी हा तास खैरुन आपांना दिला. पहिल्याच चाचणीत आपांच्या लक्षात आलं, की 'खरं बोलण्याचे पाच फायदे लिहा' या प्रश्नाचं उत्तर चौघांनी एकमेकांचं बघून लिहिलं आहे. चुकांसकट. एकानं तर शेजाऱ्याचा हजेरी क्रमांकही उतरवला होता.

त्या दिवसापासून आपांनी अखलाकचा पेपर बंद केला आणि दर महिन्याला एक सद्गुण घेऊन तो नुसता करायचा, असं ठरवलं. करायला गेल्यावर त्यात किती भानगडी असतात हे त्यांनाही हळूहळू कळत गेलं. 'अमानत'च्या महिन्यात, म्हणजे दुसऱ्याची वस्तू जपायला शिकायचं म्हणून, त्यांनी सगळ्यांच्या कंपासपेट्या एकमेकांकडे सांभाळायला दिल्या. मुलांनी परक्या पेट्या तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या आणि त्या नादात स्वतःची दप्तरं, डबे, एकानं तर एक बूट हरवला. 'सब्र'च्या, म्हणजे धीर धरण्याच्या, महिन्यात नळावर दुसऱ्याला आधी पाणी पिऊ द्यायचं ठरलं, तर सगळ्यात शेवटी कोण पिणार यावरून दोघांची मारामारी झाली. 'तक्रार करायची नाही' या महिन्यात सातवीच्या वर्गातला पंखा नऊ दिवस बंद होता आणि पोरं घामाघूम होऊन हसतमुखानं बसली होती.

"आपा, तुमची पोरं बिघडतात तेव्हाच बरी," मराठी शिकवणारी सरिता बोरस्ते म्हणायची. "सुधारली की शाळा चालत नाही."

"सुधारताना थोडं सांडतंच गं," आपा म्हणायच्या. "तू भाकरी शिकलीस तेव्हा पीठ नाही सांडलं?"

"मी अजून पोळीच करते आपा. भाकरीच्या वाटेलाच जात नाही."

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग हाजीसाहेब हैदराबादला जाऊन आले.

हाजी गुलाम दस्तगीर बागवान हे शाळेच्या ट्रस्टचे अध्यक्ष. द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. माणूस मनानं लोण्यासारखा. शाळेला काय हवं म्हणायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात. फक्त एक होतं. जे दिलं त्यावर नाव असे. बाकावर नाव, फळ्याच्या चौकटीवर नाव, नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूच्या नळांवरच्या फरशीवर नाव. पंख्याला तीन पाती, म्हणून एकावर मराठीत, एकावर उर्दूत, एकावर इंग्रजीत: हाजी गु. द. बागवान यांजकडून. पंखा फिरत असला की दिसायचं नाही म्हणून मुलांना ते पाठ नव्हतं, इतकंच.

हैदराबादला कुठल्याशा शिक्षण परिषदेत त्यांनी मूल्यशिक्षणाचा नवा अभ्यासक्रम पाहिला आणि भारावून गेले. येताना नमुन्याचं रंगीत पुस्तक, भिंतीवर लावायचा तक्ता आणि 'नेकी डायरी' घेऊन आले. प्रत्येक मुलानं रोज एक चांगलं काम करायचं, डायरीत लिहायचं, आईवडिलांची सही आणायची. शिक्षकांनी चांदणी चिकटवायची. ज्या वर्गाच्या चांदण्या जास्त, त्याला ढाल.

"दिसलं पाहिजे, आपा," हाजीसाहेब स्टाफरूममध्ये म्हणाले. "तुम्ही शिकवता चांगलं, पण दिसत नाही. पालक विचारतात, अखलाकचे तीन तास कशाला, त्यापेक्षा गणित वाढवा, स्कॉलरशिपला बसतात मुलं. मी काय दाखवू त्यांना?"

त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पालकांनी लेखी अर्जच दिला होता. ठरलं असं, की सहामाही परीक्षेच्या आधी हाजीसाहेब दोन पाहुणे घेऊन वर्ग बघायला येतील. डायऱ्या भरलेल्या दिसल्या तर अखलाक राहील. नाहीतर दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात ते तीन तास गणिताला जातील.

आपा सत्तावन्न वर्षांच्या. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. हिंदी कोणीही शिकवील, हे त्यांना माहीत होतं. मागे ठेवून जाण्यासारखं त्यांच्याकडे एकच होतं, ते म्हणजे हे तीन तास. ते आपल्यादेखत फळ्यावरून पुसले जावेत, हे त्यांना सोसणारं नव्हतं. म्हणून त्यांनी मुकाट्यानं डायऱ्या घेतल्या, आणि मनापासून ठरवलं की यंदा चांदण्यांचा पाऊस पाडायचा.

आता गंमत अशी, की त्या रंगीत पुस्तकात पहिल्याच महिन्याला जो गुण छापला होता, तो होता 'इख्लास'. म्हणजे चांगलं काम करावं ते फक्त अल्लाहसाठी. लोकांनी बघावं, वाहवा करावी म्हणून नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये, तसं. पुस्तक छापणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, हाजीसाहेबांच्या लक्षात आलं नाही, आणि खैरुन आपांच्या लक्षात यायच्या आत त्या सहावी 'ब'मध्ये नवऱ्याचा जुना कोट घेऊन उभ्या होत्या.

कोट त्यांनी आधी सुलटा दाखवला, मग उलटा केला. अस्तर, शिवणी, आतल्या गाठी. अब्बांची गोष्ट सांगितली, साहेबाच्या बदलीसकट. वर्ग असा रंगला की शेवटच्या बाकावरचा झैद, जो एरवी पेन्सिलीला टोक करण्यात जन्म घालवतो, तोसुद्धा मान वर करून ऐकत होता.

"मग या महिन्यात आपण आतली शिवण घालायची," आपा म्हणाल्या. "रोज एक नेकी. पण कोणाला कळता कामा नये. कळली, की ती मोजायची नाही. दुसरी करायची."

"अम्मीला पण सांगायची नाही?" पहिल्या बाकावरच्या उनैसानं विचारलं. ही मुलगी पुढे वकील होणार, असं सगळी शाळा म्हणते.

"अम्मीला पण नाही."

"तुम्हाला?"

"मला तर अजिबात नाही."

तास संपल्याची घंटा झाली. आपा वर्गाबाहेर पडल्या, जिना अर्धा उतरल्या, आणि हातातल्या डायऱ्यांच्या गठ्ठ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तिथेच त्या कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. पण आता शब्द गेला होता. आणि सहावी 'ब'ला दिलेला शब्द परत घेणं म्हणजे उनैसासमोर आरोपी म्हणून उभं राहणं.

पुढचे तीन आठवडे वखारीच्या शाळेत ज्या गोष्टी घडल्या, त्यांचा पत्ता कोणालाच लागेना.

दुपारच्या नमाजाला मुलं आत गेली की बाहेर चपलांचा नेहमीचा उकिरडा असे. आता बाहेर येऊन बघावं तर सगळे जोड रांगेत. ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना कव्हरं चढली. चढली ती चढतच राहिली. एका भूगोलाच्या पुस्तकावर चार कव्हरं निघाली, एकावर एक, कांद्यासारखी. कारण कोणी कोणाला सांगत नव्हतं, त्यामुळे एकानं केलेलं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. फरहत मॅडमच्या खोलीबाहेर मनीप्लांटची कुंडी होती. तिला पाणी घालायचं कुणा एकाच्या मनात आलं असतं तर ठीक होतं. अकरा जणांच्या मनात आलं, तेही वेगवेगळ्या वेळी, चोरपावलांनी. पंधराव्या दिवशी मनीप्लांट पिवळा पडला आणि विसाव्या दिवशी कुजून गेला.

"कोणीतरी मुद्दाम करतंय," फरहत मॅडम म्हणाल्या. "आपा, तुम्हाला काही कल्पना?"

आपांना होती. त्यांनी एके दिवशी व्हरांड्यात खांबाआडून एक पाण्याची बाटली पुढे येताना आणि एक छोटा हात मागे जाताना पाहिला होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, माया जास्त झाली असेल झाडाला."

सगळ्यात मोठी आपत्ती आली ती फाटकावरच्या भिका रखवालदारावर. भिका पेठकडचा, डोंगरातला माणूस. घर तिकडे, नोकरी इकडे. दुपारी भाकरी आणि चटणी. एके दिवशी त्याच्या स्टुलावर एक केळं आलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खाल्लं. दुसऱ्या दिवशी तीन. आठवडाभरात रोजची सात-आठ.

"आपाबाई, कोन ठेवतं कळंना," तो आपांना म्हणाला. "मी बगत बसलो तं येत नाय. जरा पाठ फिरवली का हजर. आमच्याकडं असं रानात व्हतं, भुताटकीचं. पन तिकडं केळी नाय येत."

"खा की भिका. गोड असतात."

"गोड हायेत वो. पन किती खायाची? रातच्याला भाकर जात नाय."

आणि डायऱ्या? त्या कोऱ्या. पांढऱ्याशुभ्र. एकाही पानावर रेघ नाही. पालक फाटकाशी आपांना गाठून विचारत, "आपा, सही कुठे करू? पोरगी काही लिहीतच नाही. विचारलं तर म्हणते, राज की बात है." समोरच्या पाचवी 'अ'च्या डायऱ्या त्यांच्या वर्गशिक्षिका बघत; तिथल्या भिंतीवर मात्र चांदण्यांचं आभाळ फुटलं होतं. तिथल्या डायऱ्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच वाक्य होतं: आज मी मम्मीला मदत केली. अक्षर पुष्कळ ठिकाणी मम्मीचं होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी फरहत मॅडमनी आपांना बोलावलं. आवाज हळू केला. "आपा, उद्याचा प्रश्न आहे. सगळ्यांकडून एकदाच लिहून घ्या. तारखा वेगवेगळ्या टाका. मुलांनी केलंय ना काहीतरी? मग झालं. खोटं थोडंच आहे?"

त्या संध्याकाळी आपांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यांचे पती युनूसभाई एसटीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं नाशिक-पुणे गाडी चालवल्यामुळे कोणत्याही गोष्टीनं ते दचकत नाहीत. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "या महिन्यात कोणता गुण आहे? नवऱ्याचा सब्र?"

आपांनी सगळं सांगितलं.

"मग लिहून घे की," युनूसभाई म्हणाले. "एक पान. कोण बघतंय?"

आपा त्यांच्याकडे बघत राहिल्या. युनूसभाईंना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. "तुझ्या अब्बांना मध्ये आणू नकोस," ते म्हणाले. "त्यांना ढाल जिंकायची नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला आपा सहावी 'ब'मध्ये गेल्या. रात्रभर मनाशी घोकलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं, फळ्याकडे तोंड करून, कारण मुलांकडे बघून ते निघालं नसतं. "डायऱ्या काढा. महिनाभरात जे चांगलं केलं ते आता सगळ्यांनी लिहा. तारखा मी फळ्यावर देते."

मागे काहीच आवाज झाला नाही. ना दप्तराच्या चेनचा, ना पानांचा. आपांनी वळून पाहिलं. अडतीस मुलं त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

"आपा, ही परीक्षा आहे ना?" उनैसा म्हणाली.

"कसली परीक्षा?"

"इख्लासची. तुम्ही फसवून विचारता आहात. आम्ही नाही सांगणार."

"मला आधीच वाटलं होतं, शेवटच्या दिवशी असं काहीतरी असणार," मागून झैद म्हणाला, आणि निवांतपणे पेन्सिलीला टोक करू लागला.

आपांच्या हातात खडू तसाच राहिला. लाज वाटावी की अभिमान, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "बरोबर ओळखलंत. बसा." ते बोलणं काही सोळा आणे खरं नव्हतं, आणि ते त्यांच्या मनाला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

बाराच्या सुमाराला हाजीसाहेब आले. सोबत दोन पाहुणे, पांढऱ्या कपड्यांतले, मितभाषी. पाचवी 'अ' बघून हाजीसाहेब खुशीत होते. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. सहावी 'ब'चे दोन्ही पंखे गरगरत होते. हाजीसाहेबांनी पहिली डायरी उघडली. पानं उलटली. दुसरी उघडली. चौथ्या डायरीला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बेटा," त्यांनी उनैसाला विचारलं, "या महिन्यात कोणती नेकी केलीस?"

उनैसा उभी राहिली. "केली, हाजीसाब. रोज केली."

"हां, मग सांग ना कोणती."

"ते नाही सांगता येणार."

"का?"

"सांगितली की मोजत नाहीत. बाहेरची बाजू साहेब बघतो, आतली अल्लाह बघतो." एवढं सांगून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण वकिली रक्तातच होती. "ज्या नेकीवर नाव टाकलं, ती तिथल्या तिथे संपते. मग पुढे जमा होत नाही."

आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले.

शनिवार होता. शनिवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे वडाळ्यातल्या मांजरांनाही माहीत असतं. तरी त्या दिवशी कुणाच्या ध्यानात नव्हतं. पंखे रेंगाळू लागले. आवाज बारीक होत गेला, पाती एकमेकांपासून सुटी दिसू लागली, आणि हाजीसाहेबांच्या डोक्यावरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. मराठी पातं दाराकडे, उर्दू खिडकीकडे, इंग्रजी बरोबर पाहुण्यांसमोर.

वर्गातल्या अडतीस माना वर गेल्या. मग दोन पाहुण्यांच्या. मग, कोणी काय बघतंय हे बघायला म्हणून, हाजीसाहेबांची.

कोणी हसलं नाही. मुलांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ती नुसती वाचत होती. आपांनी मात्र पदर तोंडाला लावला आणि खोकल्या.

"आपा," हाजीसाहेब म्हणाले. आवाजात चीड नव्हती, पण खुशीही राहिली नव्हती. "तुम्हाला तर माहीत असेल मुलांनी काय केलं. तुम्हीच सांगा. नाहीतर मी ट्रस्टला काय सांगू?"

हे मात्र अवघड होतं. चपला, कव्हरं, केळी, एवढे तीन शब्द उच्चारले असते तर तीन तास वाचत होते. शब्द जिभेच्या टोकावर होते. उनैसा त्यांच्याकडे बघत होती. झैदनं टोक करणं थांबवलं होतं.

"हाजीसाहेब," आपा म्हणाल्या, "डायऱ्या कोऱ्या आहेत तो माझा दोष. मुलांना मी शिकवलं ते त्यांनी केलं. मला माहीत आहे ते मी सांगितलं, तर त्यांची महिन्याची कमाई मी उधळल्यासारखी होईल. तुम्ही वाटल्यास तास गणिताला द्या."

फरहत मॅडमनी डोळे मिटून घेतले. हाजीसाहेबांनी डायरी मिटली.

पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायची रीत आहे, म्हणून आपाही गेल्या, मागून, सावकाश, लेकीची पाठवणी करून आल्यासारख्या. गाडीचं दार उघडलं गेलं आणि तेवढ्यात भिका पुढे झाला. त्याच्या हातात पिशवी होती.

"साहेब, तुमी मोठं मानूस हाय. तुमीच बंद करा हे."

"काय बंद करू?"

"केळी." भिकानं पिशवी उघडून दाखवली. "आजची नऊ हायेत. महिना व्हत आला. पोरं ठेवत्यात, कोन ते सांगत नाय. परवा लपून बगितलं, तं एक पोरगी ठेवून गेली, तिच्या मागनं एक पोरगं. त्या दोगांना येकमेकांचं ठावं नाय. मी तिला म्हनलो, बाय, पुरं झालं. तं म्हनती, काका, तुमी मला बगितलंच नाय. आता मला सांगा साहेब, डोळ्यानं बगितलेलं मी न बगितलेलं कसं करू?"

हाजीसाहेबांनी पिशवीतली केळी मोजली. मग त्यांनी मागे वळून शाळेकडे पाहिलं. दुपारच्या नमाजाला मुलं आत गेली होती आणि नमाजघराच्या दाराशी चपलांची रांग सरळ लागली होती, फूटपट्टी धरल्यासारखी. त्यांनी आपांकडे पाहिलं. आपा वखारीतल्या लाकडांकडे बघत होत्या, जणू आयुष्यात लाकूड पहिल्यांदाच पाहिलं.

हाजीसाहेबांनी पिशवीतलं एक केळं काढलं, सोललं, घास घेतला. शेवटी जातीचे बागवान, फळांतलं कळायचंच. "कच्चं आहे," ते म्हणाले. "दोन दिवस थांबायला हवं होतं." पण खाल्लं सगळं. साल नेऊन स्वतः कचऱ्याच्या पेटीत टाकली, आणि गाडीत बसले.

दिवाळीची सुट्टी खैरुन आपांना खूप लांब गेली. शाळा उघडली त्या दिवशी नोटीस बोर्डावर नवं वेळापत्रक लागलं होतं. सरिता आधीच तिथे पोचली होती. तिनं लांबूनच तीन बोटं वर केली. अखलाक, सोमवार, बुधवार, गुरुवार. जिथल्या तिथे. गणिताला चित्रकलेतला एक तास गेला होता. चित्रकलेचे सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. खाली एक ओळ होती: नेकी डायरी पुढील सूचनेपर्यंत बंद. उरलेल्या कोऱ्या डायऱ्या मुलांना गणिताच्या कच्च्या कामासाठी देण्यात याव्यात.

"का राहिला तास, काही कळलं?" आपांनी विचारलं.

"फरहत मॅडमनी हाजीसाहेबांना विचारलं म्हणे," सरिता म्हणाली. "ते म्हणाले, कारण सांगितलं की मोजत नाहीत."

रमजान ईद झाली, ऊन चढलं, आणि एप्रिलमध्ये एके सकाळी टेम्पोतून थंड पाण्याची भलीमोठी टाकी आली. चकचकीत स्टीलची, चार नळांची. खालच्या व्हरांड्यात ती बसवली. मुलं भोवती गोळा झाली. फरहत मॅडमनी पुढून पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. कुठेही नाव नव्हतं.

"कोणी दिली?" सरितानं विचारलं.

"ऑफिसला पण माहीत नाही म्हणतात," फरहत मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा ओलावा होता. "बघा आपा. तुमच्या अखलाकनं कुठवर मजल मारली."

सगळे गेले. घंटा झाली. आपा तेवढ्या मागे राहिल्या. साडी असो, सोयरीक असो, स्टील असो, सवय ती सवय. त्यांनी टाकीच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला मान घातली.

तिथे होतं. अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत, आणि या वेळी फक्त एकाच लिपीत: गु. द. बा.

खैरुन आपा तिथेच उकिडव्या बसून मनमुराद हसल्या, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बिचाऱ्या हाजीसाहेबांनी किती केलं होतं. तीन लिप्यांवरून एकीवर आले होते, पुढून मागे गेले होते, हाजी ही पदवीसुद्धा सोडून दिली होती. एवढा एक धागा लोंबत राहिला होता, एवढंच.

त्या उठल्या. व्हरांड्यात कोणी नाही याची खात्री करून घेतली. मग दोन्ही हात टाकीला लावून, पाय फरशीवर रोवून, त्यांनी अजून पाणी न भरलेली ती जड टाकी वीतभर मागे सरकवली, भिंतीला पार टेकेपर्यंत. आता तिथे मान काय, मुंगीसुद्धा गेली नसती.

कंबर धरून त्या वर्गात आल्या.

"आपा, कुठे होतात?" उनैसानं विचारलं.

"पुस्तकं काढा," आपा म्हणाल्या.